हॉटेलच्या बिलातले ते दोन टक्के

डिस्नेलँड बघायला ॲनाहाइमला गेलात आणि रात्रीची दोनशे डॉलरची खोली घेतलीत, तर बिलात भाड्याखाली आणखी काही ओळी येतात. पहिली ३० डॉलरची, म्हणजे शहराचा १५ टक्के हॉटेल कर. दुसरी ४ डॉलरची, आणि तिच्यापुढे काहीतरी आद्याक्षरं. कधी तिसरीही असते, काही सेंटांची, कॅलिफोर्निया राज्याच्या पर्यटन प्रसिद्धीसाठी. तीस डॉलर बघून आपण कुरकुरतो आणि ते चार डॉलर त्याच करात धरून पुढे जातो. पण त्या चार डॉलरचा रस्ता वेगळा आहे. ते शहराने लावलेत असं कागदावर दिसत असलं, तरी ते लावा म्हणून शहराकडे गेले होते खुद्द हॉटेलवालेच.

धंदेवाईक माणूस आपणहून स्वतःवर आकारणी लावून घेतो हे पटकन पचत नाही. म्हणून आधी त्या तीस डॉलरकडे बघू.

कॅलिफोर्नियात ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामावर शहरं आणि काउंटी जो कर घेतात, त्याला तिथे ‘टीओटी’ म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोत तो १४ टक्के. बहुतेक शहरांत हा पैसा थेट जनरल फंडात जातो. त्यातून पोलिसांचे पगार होतात, अग्निशमन दल चालतं, रस्त्यांचे खड्डे बुजतात, वाचनालयं उघडी राहतात. गावाच्या प्रसिद्धीला त्यातलं किती मिळणार, हे दरवर्षी बजेटच्या वेळी ठरतं. आणि बजेट आवळायची वेळ आली की नगरसेवक कात्री कुठे लावणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ‘आमच्या गावाला या’ अशी जाहिरात बंद पडली म्हणून कुणी मोर्चा काढत नाही. अग्निशमन केंद्र बंद केलं तर काढतात.

मग हॉटेलवाल्यांनी आपसात वर्गणी काढून जाहिरात करावी, हा सरळ उपाय. तो बरीच वर्षं करून झाला होता, आणि प्रत्येक गावात तो एकाच कारणाने लंगडा पडला. जाहिरात गावाची असते. ती बघून आलेला पाहुणा वर्गणी दिलेल्या हॉटेलातच उतरेल असं काही नाही. म्हणजे पैसे दहा जणांनी भरायचे आणि गिऱ्हाईक वीस जणांकडे जायचं. पुढच्या वर्षी त्या दहातले चार म्हणतात, यंदा जमणार नाही. सगळे भरणार असतील तरच मीही भरेन, अशी प्रत्येकाची भूमिका होते, आणि सगळे कधीच भरत नाहीत.

प्रसिद्धी थांबली तर काय होतं, याचा अमेरिकेतला नेहमी दिला जाणारा दाखला कोलोरॅडोचा आहे. त्या राज्याचा सुमारे १ कोटी २० लाख डॉलरचा पर्यटन प्रसिद्धीचा निधी १९९३ मध्ये शून्यावर आला. नंतरच्या एका पाहणीनुसार दोनेक वर्षांत पर्यटन बाजारपेठेतला राज्याचा वाटा जवळपास ३० टक्क्यांनी घसरला. हा आकडा प्रसिद्धीवाल्या मंडळींच्या प्रत्येक सादरीकरणात असतो, त्यामुळे मी तो जरा चिमटीत धरूनच वाचतो. पण हॉटेलवाल्यांच्या मनात भीती कुठली असते, हे त्यावरून कळतं.

आपल्यावरच लावलेली आकारणी

कॅलिफोर्नियात व्यापारी भागांसाठी दोन कायदे होते, एक १९८९ चा आणि दुसरा १९९४ चा. मूळ कल्पना बाजारपेठेच्या रस्त्याची: तिथल्या दुकानदारांनी मिळून ठराविक रक्कम द्यायची, आणि त्यातून त्याच रस्त्याची साफसफाई, दिवे, सुरक्षारक्षक असं काहीतरी करायचं. हेच कलम हॉटेलांना लावून त्यातून प्रसिद्धी करता येईल, हे कुणाच्या तरी डोक्यात आलं. वेस्ट हॉलिवुडने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते करून बघितलं, आणि मग गावामागून गाव येत गेलं. हॉटेलांनी अशी आकारणी लावून घेतलेल्या भागाला टुरिझम डिस्ट्रिक्ट म्हणतात. आज एकट्या कॅलिफोर्नियात असे शंभराहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक ठिकाणी आकारणी भाड्याच्या एक ते दोन टक्के. मॅमथ लेक्ससारख्या बर्फाच्या गावात लॉजबरोबर दुकानं, रेस्टॉरंटं आणि स्कीइंगची तिकिटंही त्यात आली.

काम कसं चालतं ते कळायला आपली हाउसिंग सोसायटी डोळ्यांपुढे आणा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी जादा निधी काढायचा ठराव सर्वसाधारण सभेत बहुमताने झाला, की विरोधात हात वर केलेल्यालाही तो भरावा लागतो. तो मेंटेनन्सच्या बिलातच जोडून येतो. आणि गच्चीचा पैसा समितीने दुसरीकडे खर्च केला, तर पुढच्या सभेत जाब विचारता येतो. टुरिझम डिस्ट्रिक्टचा सांगाडा साधारण असाच, फक्त मत फ्लॅटागणिक एक असं नसून पैशाच्या वजनावर मोजलं जातं.

आता पायऱ्या. १९९४ च्या कायद्याखाली आधी एक आराखडा लिहितात: हद्द कुठून कुठे, दर किती, कोणत्या हॉटेलांना लागू, पैसा कशावर खर्च होणार, मुदत किती. मग अर्ज फिरतो. एकूण आकारणीच्या निम्म्याहून जास्त रक्कम ज्यांच्याकडून येणार, इतक्या मालकांच्या सह्या त्यावर झाल्या की शहर पुढे सरकतं. नगर परिषद इरादा जाहीर करते, प्रत्येक मालकाला टपालाने नोटीस जाते, जाहीर सुनावणीच्या आधी किमान ४५ दिवस मिळतात. तेवढ्या काळात निम्म्या किंवा त्याहून जास्त रकमेच्या मालकांनी लेखी हरकत घेतली तर सगळं बारगळतं. नाही घेतली, तर परिषद ठराव करते आणि सगळ्यांना भरावं लागतं. पहिली मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, नूतनीकरण जास्तीत जास्त दहा. शिवाय पहिलं वर्ष उलटल्यावर दरवर्षी तीस दिवसांची एक खिडकी उघडते. तेवढ्यात निम्म्या वजनाचे मालक एकत्र आले, तर मोडून टाकण्याची मागणी करू शकतात.

वसुलीचा खर्च जवळजवळ नाही, कारण हॉटेलं टीओटीचा फॉर्म भरतातच. त्यात आणखी एक ओळ वाढते. शहर आपला थोडा हाताळणीचा खर्च कापून बाकीचा पैसा एका ना-नफा संस्थेकडे देतं, आणि ही संस्था आराखड्यात लिहिलंय तेवढंच करते. हीच हॉटेलवाल्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट. टीओटी वाढवून मागितला असता, तर वाढीव पैसा जनरल फंडात जाऊन दिसेनासा झाला असता. इथे पैशाला कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्या संस्थेकडे.

पैसा जातो कुठे? पोस्टर आणि व्हिडिओ ही त्यातली दिसणारी बाजू झाली. मोठा हिस्सा परिषदा आणि प्रदर्शनं ओढून आणण्याच्या विक्रीवर जातो. दंतवैद्यांची एखादी राष्ट्रीय परिषद कुठल्या शहरात घ्यायची हे काही वर्षं आधी ठरतं, आणि ते ठरवणाऱ्या माणसाच्या मागे चार शहरांचे विक्रेते लागलेले असतात. शाळकरी मुलांच्या सॉकर स्पर्धेला अनुदान देऊन दोन-तीन रात्रींचे शेकडो पालक गावात आणणं, हाही त्यातलाच उद्योग. हिशेब एकाच मापाने होतो: किती खोल्या, किती रात्री.

सही कुणाची, पैसा कुणाचा

वजनाने मत मोजणं प्रत्यक्षात कसं दिसतं, ते एका काल्पनिक गावावर करून बघू. गावात ४०० खोल्यांचं एक रिसॉर्ट आहे, भाडं सरासरी ३०० डॉलर, वर्षभरात सरासरी ७० टक्के खोल्या भरलेल्या. हायवेला लागून वीस मोटेल आहेत, प्रत्येकी ३० खोल्या, भाडं ९० डॉलर, ६० टक्के भरलेल्या. दोन टक्क्यांनी रिसॉर्टकडून वर्षाला सुमारे ६ लाख १३ हजार डॉलर येतील आणि सगळ्या मोटेलांकडून मिळून २ लाख ३६ हजार. म्हणजे रिसॉर्टचं वजन ७२ टक्के, एकट्याच्या सहीवर काम फत्ते.

हे होऊ नये म्हणून कायद्यात एक पाचर मारून ठेवली आहे. अर्जावरच्या सह्या मोजताना एका मालकाचं वजन एकूण रकमेच्या ४० टक्क्यांपर्यंतच धरतात. त्यामुळे रिसॉर्टला आणखी साधारण १० टक्क्यांसाठी मोटेलवाल्यांकडे जावं लागेल. एका मोटेलची आकारणी पावणेबारा हजारांच्या आसपास, म्हणजे आठ मोटेलवाल्यांनी सह्या केल्या की झालं. उरलेल्या बारा जणांनी कितीही विरोध केला तरी त्यांचं सगळं वजन मिळून १७ टक्क्यांच्या आत. तेही भरतील.

या बारा जणांमध्ये आपल्या ओळखीची माणसं असण्याची शक्यता बरीच. अमेरिकेतली छोटी मोटेलं मोठ्या प्रमाणावर भारतीय, त्यातही गुजराती कुटुंबं चालवतात. मागच्या दोन खोल्यांत राहायचं, पुढच्या काउंटरवर रात्रपाळी करायची, हे त्यांचं आयुष्य. त्यांच्याकडे उतरणारा म्हणजे ट्रकवाला, रस्त्याचं काम करणारा मजूर, रात्री गाडी बिघडलेला माणूस. यातला कुणीही समुद्रकिनाऱ्याचा व्हिडिओ बघून आलेला नसतो. मालकाचा प्रश्न साधा असतो: माझ्या गिऱ्हाइकाच्या नव्वद डॉलरवर एक डॉलर ऐंशी सेंट चढवून तुम्ही रिसॉर्टच्या परिषदा आणणार, मला काय? यावर डिस्ट्रिक्टवाले सांगतात, परिषद आली की मोठी हॉटेलं भरतात आणि ओसंडलेला पाहुणा तुमच्याकडे येतो. हे काही वेळा खरं असतं. मोटेल रिसॉर्टपासून अठरा मैलांवर असलं तर नसतं.

पाहुण्याची बाजू कुणी मांडत नाही. कायद्याने भरणारा हॉटेलमालक, पण बहुतेक ठिकाणी तो ती रक्कम बिलात वेगळी दाखवून गिऱ्हाइकाकडून घेतो. सही त्याची, वजन त्याचं, पैसा मात्र तुमचा. या व्यवस्थेबद्दल माझी शंका इथूनच सुरू होते, आणि गंमत म्हणजे कायद्याचाही सगळा पेच याच्याच आसपास आहे.

कर की आकारणी

कॅलिफोर्नियात नवा कर लावणं म्हणजे दिव्य असतं. तिथे मतदारांनी थेट मत देऊन केलेल्या कायद्याला प्रॉपोझिशन म्हणतात. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ ने विशिष्ट कामासाठीच्या स्थानिक कराला मतदारांची दोन तृतीयांश मान्यता सक्तीची केली. १९९६ च्या प्रॉपोझिशन २१८ ने सर्वसाधारण करालाही मतदारांची मंजुरी लागू केली आणि मालमत्तेवरच्या आकारण्या आवळल्या. हॉटेलवरची आकारणी धंद्यावर असते, जागेवर नसते, त्यामुळे ती त्या फटीतून सुटली. मग २०१० मध्ये प्रॉपोझिशन २६ आलं आणि म्हणालं, सरकार जे काही घेतं ते सगळं करच, काही अपवाद सोडून. यातला कामाचा अपवाद असा: पैसे भरणाऱ्याला थेट असा विशिष्ट लाभ मिळाला पाहिजे, जो न भरणाऱ्याला मिळत नाही, आणि घेतलेली रक्कम त्या लाभाच्या वाजवी खर्चापेक्षा जास्त नको.

म्हणजे डिस्ट्रिक्ट टिकवायचा तर सिद्ध काय करायचं? की जाहिरातीचा फायदा हॉटेलांना होतो. पण गावात पर्यटक आला की तो टॅक्सीत बसतो, टाको खातो, चप्पल तुटली तर चप्पल घेतो. त्या सगळ्यांना फुकट फायदा. मग तो फक्त भरणाऱ्याचा लाभ कसा? २०१३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून लिहून घेतलं, की न भरणाऱ्याला ओघाने आणि अप्रत्यक्ष काही मिळालं म्हणून भरणाऱ्याचा विशिष्ट लाभ नाहीसा होत नाही. वकिलांना जरा श्वास मिळाला.

हा पेच उघड्यावर लढला गेला तो सॅन डिएगोत. तिथे २००८ पासून डिस्ट्रिक्ट सुरू झाला, मोठ्या हॉटेलांवर दोन टक्के, वर्षाला सुमारे तीन कोटी डॉलर. २०१२ मध्ये नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा शहराने स्वतःच्या नियमावलीचा आधार घेत मुदत दिली तब्बल साडेएकोणचाळीस वर्षांची. राज्याच्या कायद्यात दहाची मर्यादा असताना! छोट्या लॉजनाही कमी दराने आत घेतलं. एका नागरिक गटाने लगेच कोर्ट गाठलं. त्यांचं म्हणणं, हा वेषांतर केलेला कर आहे आणि मतदारांना विचारायला हवं होतं. त्याच सुमाराला निवडून आलेले महापौर बॉब फिल्नर करारावर सही करेनात. शहराच्या गरजांना यातलं काहीतरी मिळालं पाहिजे, हॉटेलातल्या कामगारांच्या पगाराचंही बघा, असा त्यांचा आग्रह होता. प्रसिद्धीचा पैसा अडकला, जाहिराती थांबल्या, हॉटेलवालेही कोर्टात गेले आणि २०१३ मध्ये काही महिन्यांच्या ओढाताणीनंतर तडजोड झाली. नागरिक गटाचा दावा मात्र चालूच राहिला. शेवटी २०१६ मध्ये आराखडा बदलून ७० पेक्षा कमी खोल्यांची हॉटेलं वगळण्यात आली. ज्याला लाभ दाखवता येत नाही त्याला आकारणीतून सोडा, म्हणजे उरलेली वाचते, हा त्यामागचा हिशेब.

फिल्नर यांची पद्धत आडमुठी होती, पण ‘शहराला काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता असं मला वाटतं. पर्यटक वाढले की कचरा, वाहतूक, पोलीस हे सगळं शहराच्या अंगावर पडतं. मात्र शहराला थेट वाटा दिला की ती आकारणी कराच्या व्याख्येत जाते आणि मोडते. ज्या कुलुपामुळे हॉटेलवाले तयार होतात, त्याच कुलुपामुळे गावकरी बाहेर राहतात.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरने हीच युक्ती वेगळ्या कारणाने वापरली. तिथे पर्यटक कर लावायचा अधिकार शहराला नव्हता. मग व्यापारी भागांचा कायदा वापरून हॉटेलवाल्यांनी मतदान घेतलं, आणि १ एप्रिल २०२३ पासून शहराच्या मध्यभागातल्या मोठ्या हॉटेलांत रात्रीला खोलीमागे एक पौंड, वर व्हॅट, सुरू झाला. पहिल्या वर्षी सुमारे २८ लाख पौंड जमले. तिथल्या कायद्यातली एक अट मला जास्त न्यायाची वाटते. मतदानात दुहेरी बहुमत लागतं: मतं देणाऱ्यांच्या संख्येनेही आणि त्यांच्या मालमत्तेच्या करपात्र मूल्यानेही. वरच्या गावातले वीस मोटेलवाले तिथे असते, तर आठ सह्यांवर भागलं नसतं.

आपल्याकडे पर्यटकाकडून पैसा घेण्याची ओळखीची जागा म्हणजे नाका. माथेरानला दस्तुरीवर माणशी पावती फाडतात, महाबळेश्वरला गाडी थांबवतात. ते पैसे नगरपरिषदेचे. हॉटेलच्या बिलातला कर पूर्वी राज्याचा लक्झरी टॅक्स होता, २०१७ पासून तो जीएसटीत गेला, आणि जीएसटी केंद्र आणि राज्य वाटून घेतात. तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांना आपल्या किनाऱ्याची जाहिरात करायची झाली, तर खिशातून वर्गणी किंवा सरकारकडे अर्ज, असे दोनच रस्ते. पहिल्यात तोच जुना फुकट्याचा प्रश्न, दुसऱ्यात बजेटचा.

ही आकारणी टक्क्यांत असते, हा तिचा एक आतला दोष. धंदा जोरात असला की पैसा भरपूर, आणि २०२० सारखं वर्ष आलं की खोल्या रिकाम्या, आकारणी शून्याकडे, आणि गिऱ्हाईक परत बोलवायची गरज सगळ्यात जास्त. शहाणे डिस्ट्रिक्ट राखीव निधी ठेवतात.

दुसरा दोष देखरेखीचा. ॲनाहाइमच्या त्या चार डॉलरमधला तीन चतुर्थांश भाग ‘व्हिजिट ॲनाहाइम’ या प्रसिद्धी संस्थेकडे आणि एक चतुर्थांश रिसॉर्ट भागातल्या वाहतुकीच्या कामांना, अशी वाटणी २०१० मध्ये झाली. मार्च २०२० मध्ये साथ सुरू होताच शहराने या संस्थेला आणखी ६५ लाख डॉलर दिले. त्यातले १५ लाख चेंबर ऑफ कॉमर्सच्या हातातल्या एका संस्थेकडे वळवले गेले, असं शहरानेच नेमलेल्या चौकशीत २०२३ मध्ये पुढे आलं. पाठोपाठ २०२४ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाने डिस्ट्रिक्टच्या पैशावर शहराने नीट लक्ष ठेवलं नाही असा ठपका ठेवला. कुलूप होतं, पण दाराकडे कुणी बघत नव्हतं.

यावर कायद्यात औषध आहे. १९९४ च्या कायद्याखालच्या संस्था ना-नफा खासगी असल्या, तरी डिस्ट्रिक्टच्या कामापुरता त्यांना उघड्या सभांचा ‘ब्राउन ॲक्ट’ आणि सार्वजनिक दस्तऐवजांचा कायदा लागू होतो. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, वार्षिक अहवाल शहराला द्यावा लागतो, आणि कुणीही जाऊन बोलू शकतो. सॅन होजे किंवा ॲनाहाइमला मुलाकडे राहणारे आपले आजी-आजोबासुद्धा.

आणि त्यांच्याच उपयोगाची एक गोष्ट: मुलाचं घर लहान म्हणून जवळच्या एक्स्टेंडेड-स्टे हॉटेलात खोली घेणार असाल, तर मुक्काम ३० दिवसांपेक्षा जास्त असल्यास टीओटी लागत नाही, आणि डिस्ट्रिक्टची आकारणीही बहुतेक ठिकाणी त्याच सवलतीच्या मागे जाते. काही शहरांत मात्र त्यासाठी सुरुवातीलाच तेवढ्या दिवसांचा लेखी करार लागतो. खोली घेतानाच काउंटरवर विचारा. पहिल्या महिन्याचं बिल भरून झाल्यावर विचारलं, तर परतावा मागत बसावं लागतं.